दिवसभर रातांबे (कोकमाची फळं) फोडले, अभ्यास शून्य! घरी शिकवणाऱ्यांनो, तुलना कशी थांबवता?

पोफळीखाली | १४ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, थोरली दहाची आणि धाकटा सहाचा. दोघंही शाळेत जात नाहीत. यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. २०२० साली शाळा मोबाईलवर आली आणि आमच्या वाडीत रेंज नाही. रेंज मिळायची ती वर सड्यावर (कातळाच्या माळावर), तीही जांभ्याच्या एका ठरावीक ढिगाऱ्यावर उभं राहिलं तर. चाळीस मिनिटांच्या तासासाठी रोज तासभर चढउतार. त्या तासांत काय शिकवलं ते थोरलीला आज आठवत नाही. पण करवंदं कुठल्या जाळीला आधी पिकतात आणि पाऊस लागला की कातळावर आधी काय फुलतं, हे पाठ झालं. शाळा उघडली तेव्हा आम्ही म्हटलं, या वर्षी राहू दे. ते 'या वर्षी' अजून चालू आहे.

आता प्रश्न. आज आम्ही दिवसभर पडवीत बसून रातांबे फोडले. थोरलीने साल वेगळी, बी वेगळी करून दोन्हींचं वजन केलं, धाकट्याने निम्मे खाल्ले. आबा (सासरे) फोडता फोडता तिला पाऊणकी म्हणायला लावत होते. दिवस छान गेला, म्हणजे मला तसं वाटत होतं. संध्याकाळी हात धुऊन मोबाईल उघडला. घरी शिकवणाऱ्या पालकांचा एक ग्रुप आहे, त्यावर एकीच्या आठ वर्षांच्या मुलाने केलेला रोबो, दुसरीच्या मुलीची इंग्रजी गोष्टीची हस्तलिखित वही. तेवढ्यात ठाण्याहून नणंदेचा फोन. भाच्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेत चांगले मार्क पडले. मी अभिनंदन केलं, अगदी मनापासून केलं. फोन ठेवला, थोरलीला हाक मारली आणि म्हटलं, 'समुद्र' लिही बघू.

तिने लिहिलं 'समूद्र'.

रात्री साडेआठ वाजता, घरभर रातांब्यांचा वास, आणि मी त्या पोरीला ऱ्हस्व-दीर्घावरून रडवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त तिचं ताट वाढून तिला जवळ घेऊन बसल्या. ते जास्त लागलं.

तुलना सोडा असं सगळेच सांगतात. पण सोडायची म्हणजे नक्की काय करायचं? ग्रुप सोडू? नणंदेचे फोन उचलू नको? की रोज चार पानं लिहून घेऊ, म्हणजे निदान मला झोप लागेल?

ठाणे_ते_दिवा | १४ मे, रात्री १०:५२

ग्रुप सोडा. नणंद सोडता येत नाही. (दिवे घ्या, म्हणजे 'लाइट' घ्या.)

कुडाळकन्या | १४ मे, रात्री ११:१५

अगं, तुझी पोस्ट वाचून पोटात कालवलं, कारण मागच्या आठवड्यात मी हेच केलंय. माझ्याकडे 'समुद्र'ऐवजी भागाकार होता, एवढाच फरक.

आम्हीही घरीच शिकवतो, चार वर्षं झाली. सकाळी आठ ते दहा वही-पुस्तक, त्यात तडजोड नाही. दहानंतर जे होईल ते. याचा फायदा पोरांना किती होतो देव जाणे, पण दहा वाजले की माझी टोचणी बंद होते. दुसरं म्हणजे मी एक रोजवही ठेवते. 'आज काय शिकलो' असं त्यात लिहीत नाही, 'आज काय झालं' एवढंच. परवाची नोंद अशी: ओहोटीला खाडीत मुळे (शिंपले) काढायला गेलो. मुलग्याने विचारलं, मुळ्याला डोळे नाहीत तर आपण आलो हे त्याला कळतं कसं, तो आत का जातो? मला उत्तर येत नव्हतं. घरी येऊन मुळ्याची आमटी केली, पण याने खाल्ली नाही, म्हणे ओळख झाली आता.

असं लिहिलेलं महिन्याने वाचलं की वाटतं, बरं चाललंय की.

आंबेवाला | १५ मे, सकाळी ६:०५

शिक्षणातलं मला कळत नाही, कलमांतलं थोडं कळतं.

हापूस मुळात दरवर्षी सारखा धरत नाही. एक वर्ष भरून येतो, पुढच्या वर्षी हात आखडतो. पण बाजार काही वर्षाआड थांबत नाही, म्हणून आम्ही पावसाळ्यात मुळाशी कल्टार घालतो. त्याने पालवी आवरते, मोहोर वेळेत आणि दरवर्षी येतो. घालू नये असं मी म्हणत नाही, मीही घालतो, हप्ते फेडायचेत. पण झाडाचा घेर बघून प्रमाण ठरवायचं असतं आणि खतपाणी दुप्पट द्यावं लागतं. शेजाऱ्याच्या कलमांना किती घातलं ते विचारून आपल्या कलमांना घालणारे बघितलेत. फांद्या आखडतात, पान बारीक होतं. मग कृषी विद्यापीठात फोन.

तुमचं रात्री साडेआठचं 'समुद्र' म्हणजे नणंदेच्या झाडाचं प्रमाण तुमच्या कलमाला. बाकी रातांब्याला काय भाव चाललाय तुमच्याकडे?

ठाणे_ते_दिवा | १५ मे, सकाळी ८:३०

आंबेवाले, ठाण्यात क्लासच्या पाट्यांवर 'कल्टार' लिहायला हरकत नाही.

मास्तर_खाडीपलीकडचे | १५ मे, दुपारी २:२०

सगळे कौतुक करताहेत, मी जरा वेगळं बोलतो. राग मानू नका.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या शाळेचा पट सात. पहिलीत एक मूल, दुसरीत कोणी नाही, तिसरीत दोन. पट घसरला की शाळा दुसरीकडे जोडायची चर्चा दरवर्षी डोक्यावर असते. अशा गावातली दोन मुलं घरी बसली की काय होतं, हे रेंज आणि करवंदांच्या गोष्टीत येत नाही. तुमची मुलं शिकतीलच. घरात आजोबा पाऊणकी शिकवतात, आई महाजालावर धागे काढते. माझ्याकडच्या सातांपैकी चौघांच्या घरी यातलं काहीच नाही. त्यांना तुमची थोरली वर्गात हवी होती, शेजारच्या बाकावर.

कायद्याचंही सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. तो हक्क मुलाचा आहे, पालकाचा नाही. घरच्या शिक्षणाबद्दल कायदा सरळ काही म्हणत नाही, त्यामुळे तुम्हाला कोणी पकडून नेणार नाही. पण मुलगी उद्या म्हणाली की मला शाळेत जायचंय, तर तुम्ही काय सांगणार?

आणि तुलना. शाळेत तुलना असते हे खरं. पण तिथे ती सात जणांत वाटली जाते. घरी ती एकट्या पोरीवर पडते.

अंजनवेलकर | १५ मे, दुपारी ३:०२

मास्तर, शेवटच्या दोन वाक्यांना अनुमोदन. पटाचं ओझं आईबापांवर टाकणं मात्र पटलं नाही. गावं रिकामी झाली ती घरी शिकवणाऱ्यांमुळे नाही. आमच्या वाडीत तेरा घरांना कुलूप आहे, सगळे मुंबईला. ती मुलंही तुमच्या पटावर नाहीतच.

कुडाळकन्या | १५ मे, दुपारी ३:२०

मास्तर, रागावले नाही, पण 'घरी बसली' हा शब्द खटकला. आमच्या घरात बसायला वेळ कुणाला असतो हो?

वेंगुर्ल्याची_बाय | १५ मे, संध्याकाळी ५:४५

अगो बाय माजे, कित्याक जीवाक घोर लावन घेतस? धा वर्साचा चेडू पाऊणकी म्हणता, रातांबे फोडता, आजी-आजो घरात आसत, आनी काय होया? 'समुद्र' ऱ्हस्व काय दीर्घ, ता समुद्राक तरी म्हायती आसा काय?

ठाणे_ते_दिवा | १५ मे, संध्याकाळी ५:५०

बाय, तुमाका धा पैकी धा.

एक प्रामाणिक प्रश्न: पाऊणकी म्हणजे काय? माझी गाडी तीसपर्यंतच्या पाढ्यांवर थांबली होती.

नाना_दापोलीकर | १५ मे, संध्याकाळी ७:३०

पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी हे सगळं आमच्या लहानपणी पाठ असायचं. किनाऱ्यावर पाऊणकीला आणखी एक उपयोग आहे. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. आज चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. घड्याळ आणि पंचांग एवढ्यावर होडीवाल्यांचं काम चालायचं. पोफळीखाली, तुमचे आबा पोरीला नुसता पाढा शिकवत नाहीयेत, समुद्र वाचायला शिकवताहेत.

आता विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या मुरुडचे अण्णासाहेब कर्वे १८७५ साली सरकारी परीक्षा द्यायला मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, कुंभार्ली घाट चढून. तिथे गेल्यावर वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. १९५८ ला भारतरत्न मिळालं तेव्हा शंभरीत होते. मागे पडणं आणि पुढे जाणं हे कुठल्या वर्षी मोजायचं?

ठाणे_ते_दिवा | १५ मे, संध्याकाळी ७:४१

छान. म्हणजे भाच्याची तुलना सुटली आणि पोरीला थेट भारतरत्नाच्या शेजारी बसवलं. बिचारी.

नाना_दापोलीकर | १५ मे, संध्याकाळी ७:५८

हाहा. मुद्दा मान्य. म्हातारपणाची खोड, प्रत्येक गोष्टीत कर्वे आणतो. घरी नातवंडं मला बघून पळतात.

लाल_माती | १५ मे, रात्री ९:१०

मे महिन्याचंही बोला कोणीतरी! आमच्याकडे चाकरमानी आले की ओटीवर तोंडी परीक्षाच सुरू होते. 'कितवीत गं तू? सतराचा पाढा म्हण. आमचा गोट्या बघ कसा घडाघडा म्हणतो.' माझी मुलगी शाळेत जाते तरी तिला हे चुकत नाही. गेल्या मे महिन्यात तिने शांतपणे विचारलं, काका, तुम्हाला नारळ सोलता येतो का? काकांनी सोलणीवर हात ठेवला, म्हणाले बघतो, आणि अर्ध्या तासाने अर्धवट सोललेला नारळ तिथेच ठेवून पोहायला गेले. यंदा पाढे कोणी विचारले नाहीत.

अंजनवेलकर | १५ मे, रात्री ९:२५

नारळ सोलणं दहावीला तोंडीला ठेवा.

बाकी पोफळीखाली ताई, आमसुलांना किती पुटं देता? आमच्याकडे यंदा ढग लवकर यायला लागलेत, सालं वाळेनात.

आंबेवाला | १५ मे, रात्री ९:३०

रसात बुडवून वाळवायची ती काळी होईस्तोवर. ढग आले तर चुलीवरच्या माळ्यावर टाका. बिया फेकू नका, मुठेल (बियांचं तेल) काढा. थंडीत भेगांना त्यासारखं औषध नाही.

लाल_माती | १५ मे, रात्री ९:३४

मुठेल काढायची कृती वेगळ्या धाग्यात लिहाल का? आईच्या हातचं संपलं, ती गेल्यावर कोणी केलंच नाही.

आंबेवाला | १५ मे, रात्री ९:५०

लिहितो. बिया कुटून पाण्यात उकळायच्या आणि वर तरंगतं ते काढायचं, एवढंच आहे, पण कुटायला माणूस लागतो. आता माणूसच महाग.

संपादक | १५ मे, रात्री १०:००

मंडळी, आमसुलांचा धागा पाककृती विभागात काढा. इथे मूळ विषयावर या.

समुद्रपक्षी | १६ मे, रात्री १:१२

इथे मुलाच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी आता चोवीसचा. आठ ते चौदा या वयात शाळेत गेलो नाही. राजापूर तालुक्यात वाढलो. नंतर मुक्त विद्यालयातून दहावी केली, आता रत्नागिरीत नोकरी करतो. फार हुशार नाही, फार वाया गेलेलाही नाही.

आमची आई तुलना करणारी नव्हती. उलट ती सगळ्यांना सांगायची, आम्ही स्पर्धा करत नाही, आम्ही क्षण जगतो. आणि ते क्षण ती टिपायची. मी वडिलांबरोबर पाग (जाळं) टाकायला गेलो की फोटो. आजीबरोबर घावणे घातले की फोटो, खाली लिहायची 'आजचं गणित: पिठाचं प्रमाण'. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला मोठा हत्ती बघायला गेलो होतो. मी त्याच्या सोंडेपासून शेपटीपर्यंत पावलं मोजत चाललो होतो, तर आई म्हणाली थांब, परत पहिल्यापासून चाल, मोबाईल काढते. मी परत चाललो. पण पावलांचा आकडा विसरलो, आजतागायत आठवत नाही.

आईवर राग नाही. तिला लोकांना दाखवायला लागायचं की पोरगा वाया चाललेला नाही, कारण लोक रोज विचारायचे. पण मला कळायचं की हा घावणा नुसता घावणा नाही. तो कुणाला तरी दिलेलं उत्तर आहे. बारा वर्षांचा झालो तेव्हा मी मुद्दाम अशी कामं करायला लागलो ज्याचा फोटो निघत नाही. विहिरीच्या काठावर नुसतं बसायचं. ते माझं खरं.

कुडाळकन्या ताई, तुमच्या रोजवहीबद्दल नाही म्हणत. तुम्ही ती कुणाला दाखवता का, एवढंच विचारावंसं वाटलं.

कुडाळकन्या | १६ मे, सकाळी ७:४०

दाखवते. ग्रुपवर टाकते. मुळ्याची गोष्टही टाकली होती, छप्पन्न बदाम आले होते.

आत्ता जरा गप्प बसते.

पोफळीखाली | १६ मे, दुपारी १२:२०

सगळ्यांचे आभार. आंबेवाले, रातांब्याचा भाव विचारू नका, रडायला येईल.

समुद्रपक्षी, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. मी लिहिलं होतं ना, दिवस छान गेला असं वाटत होतं? खरं सांगायचं तर त्या दिवशी वजनकाट्याचा फोटो मीही काढला होता. ग्रुपवर टाकणार होते. आधी तो रोबो दिसला म्हणून टाकला नाही. म्हणजे रोबोने माझा दिवस बिघडवला नव्हता. मीच माझा दिवस विकायला निघाले होते आणि शेजारच्या पाटीवर जास्त चांगला माल दिसला.

मास्तर, तुमचंही लागलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून काल थोरलीला सरळ विचारलं, शाळेत जायचंय का? ती म्हणाली, अभ्यासाला नाही, पण डबा खायला जायचंय. आमच्या वाडीत तिच्या वयाचं कोणी नाही. धाकट्याला तर वासरू हाच मित्र.

मास्तर_खाडीपलीकडचे | १६ मे, रात्री ८:४५

ताई, मी जरा कडक लिहिलं. त्या दिवशी पटाचीच माहिती भरत बसलो होतो.

माहिती म्हणून सांगतो, भांडण नाही. कधी शाळेत यावंसं वाटलं तर कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दहाची असेल तर दहाच्या वयाच्या वर्गात, आणि जे राहिलंय त्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. 'तुमची मुलगी मागे आहे, पहिलीत बसवा' असं कोणी म्हणू शकत नाही. घरीच ठेवलंत तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत. दहावीला तीन वाटा: तेच राज्य मंडळ, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, नाहीतर आपल्या नेहमीच्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म. राष्ट्रीयवाल्यांकडे चौदा पूर्ण लागतात, एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. जन्माचा दाखला आणि आधारवरचं नाव आत्ताच जुळवून ठेवा. पुढे अडतं ते नेमकं तिथे, ज्ञानात नाही.

आणि डबा खायला केव्हाही पाठवा. खो-खोला आमच्याकडे नुसत्या पोरांतून नऊ जण होत नाहीत. म्हणून सात पोरं, मी आणि स्वयंपाकाच्या मावशी.

ठाणे_ते_दिवा | १६ मे, रात्री ८:५१

मावशी खेळतात?

मास्तर_खाडीपलीकडचे | १६ मे, रात्री ८:५३

खांब त्याच मारतात. पदर खोचला की कोणाच्या हाती लागत नाहीत.

नाना_दापोलीकर | १७ मे, सकाळी ६:५०

मास्तरांच्या डब्यावरून आठवलं. डहाणूकडे, कोसबाडला, ताराबाई मोडकांनी कुरणशाळा चालवली होती. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. सुरुवात बोर्डीला, १९४५ सालची. हेही कोकणच, उत्तरेकडचं. 'शाळा की घर' हे भांडण तेव्हा त्या बायांनी पायीच मिटवलं होतं. (यावेळी कर्वे आणले नाहीत, नोंद घ्यावी.)

लाल_माती | १७ मे, सकाळी ९:०५

नोंद घेतली. :)

वेंगुर्ल्याची_बाय | १७ मे, सकाळी ९:३०

चेडवाक डब्यात काय देतलस? घावणे दी. फोटो काढू नको.

पोफळीखाली | २४ ऑक्टोबर, दुपारी ४:१५

धागा वर काढतेय. दिवाळी झाली, फराळाचे डबे तळाला लागलेत, आता वेळ आहे.

ग्रुप सोडला नाही. आवाज बंद केलाय, आठवड्यातून एकदा बघते. रोबोवाल्या ताईंना न राहवून स्वतंत्र निरोप पाठवला होता. त्यांनी लिहिलं की तो रोबो दोन दिवसांत मोडला आणि मुलगा सध्या फक्त मांजराचे खेळ बघतो. त्यांना माझे जुने फोटो बघून वाटायचं, यांचं बरं आहे, समुद्र आहे, आजी-आजोबा आहेत. आम्ही दोघी तासभर हसलो फोनवर.

तुलना गेली का? नाही. मे महिन्यात भाचा आला होता, तेव्हा पहिले दोन दिवस माझं लक्ष तो काय वाचतो यावरच. तिसऱ्या दिवशी तो आणि थोरली आबांबरोबर कालवं फोडायला गेले आणि दोघांनीही सारखीच बोटं कापून घेतली. मग बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटतेय, पण वाटलं खरं.

मुख्य म्हणजे हे. कोजागिरीपासून थोरलीने आबांच्या पाऊणकीवरून भरतीचं कोष्टक करायला घेतलं. पंधरा तिथ्या, पंधरा वेळा. वद्य प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, असं खाली उतरत अमावास्येला सव्वाअकरा. मग पुढची प्रतिपदा, परत पाऊण. तिथे अडकली. म्हणाली, आबा, रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते ना? मग अमावास्येच्या सव्वाअकरापासून दुसऱ्या दिवशीच्या पाऊणपर्यंत दीड तास कसा झाला? त्या एका दिवशी समुद्र घाई करतो?

आबा म्हणाले, आमच्या वडिलांनी असंच शिकवलं, आम्ही असंच धरत आलो.

दोन दिवस ती वही घेऊन फिरत होती. धोपाव्याच्या फेरीच्या उतारावर पाणी कुठवर येतं ते बघायला ह्यांना दोनदा घेऊन गेली. मग एका सकाळी मी घावणे घालत असताना येऊन म्हणाली, पंधरा तिथ्यांत भरती घड्याळात पूर्ण फिरून त्याच जागी येते. बारा तास. म्हणजे सातशेवीस मिनिटं भागिले पंधरा. अठ्ठेचाळीस. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. आबा रोज तीन मिनिटं कमी धरतात, ती साठून पंधरा दिवसांनी पाऊण तास होतो, तो त्या दीड तासात लपलाय.

हा भागाकार मी तिला कधी शिकवला ते मला आठवत नाही. बहुतेक शिकवलाच नाही. नवल म्हणून आबांना सांगितलं तर म्हणाले, बरोबर आहे तिचं, पण तीन मिनिटांनी होडी अडकत नाही. आणि उठून बेडे (सुपाऱ्या) निवडायला गेले. जाताना तोंड मात्र दुसरीकडे केलं होतं, हसत असणार.

मी तवा खाली ठेवला आणि मोबाईल कुठेय ते शोधायला लागले. पडवीत सापडला, हातात घेतला. मग समुद्रपक्षी आठवले, तो परत ठेवला. घावणा करपला तोवर.

तरी शेवटी इथे लिहिलंच. म्हणजे मिरवलंच.

समुद्रपक्षी | २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०२

मिरवा हो. तिला पहिल्यापासून परत करून दाखवायला नाही लावलंत.

ठाणे_ते_दिवा | २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

मी मोबाईलवर गणित करून बघितलं, बरोबर आहे. चाळिशीत माझ्या हे लक्षात आलं नसतं. आता माझी तुलना कोण थांबवणार?

आंबेवाला | २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१५

आबांचंही खरं, पोरीचंही खरं. रातांब्याचा भाव अजून सांगितला नाहीत.

मास्तर_खाडीपलीकडचे | २४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

ताई, दिवाळीची सुट्टी संपली की एखाद्या शुक्रवारी तिला फेरीने दाभोळला आणा. डबा आमच्या पोरांबरोबर खाईल आणि मग हे कोष्टक फळ्यावर मांडून समजावून सांगेल. मी मागच्या बाकावर बसतो. पट आता सहा झालाय, एक कुटुंब पनवेलला गेलं. जागा भरपूर आहे.

पोफळीखाली | २४ ऑक्टोबर, रात्री ९:०५

येतो. तिला विचारलं, ती लगेच तयार झाली. धाकटा वासराला घेऊन येऊ का विचारतोय.

वही आत्ता समोर आहे. कोष्टकावर ठळक अक्षरात मथळा दिलाय: 'समूद्राचं वेळापत्रक'.

कुडाळकन्या | २४ ऑक्टोबर, रात्री ९:१२

दुरुस्त केलंस?

पोफळीखाली | २४ ऑक्टोबर, रात्री ९:१४

पेन हातात घेतलं होतं. मास्तरांच्या फळ्यावर काय लिहिते ते बघू आधी.